एकसष्ट विरुद्ध एकसष्ट

ओहायो,
१२ फेब्रुवारी १९७८

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि मेपल साखरेच्या वड्या दोन्ही पोचली. वड्या खोलीतल्या मुलींनी संपवल्या, पत्र तेवढं माझ्या वाट्याला आलं.

इथं शासन आणि अर्थव्यवहार हा माझा सगळ्यात आवडता विषय झालाय. परवा प्राध्यापक म्हणाले, कोणत्याही निवडीची खरी किंमत म्हणजे तिच्यापायी आपण सोडून दिलेली गोष्ट. मी ते वहीत दोनदा लिहून ठेवलं. याच विषयासाठी ऑक्टोबरात आम्ही सगळ्यांनी इथल्या मतदारयादीत नाव घातलं आणि नोव्हेंबरात महापौराच्या निवडणुकीत मत दिलं. त्याचा एक जादा गुणही मिळाला. आयुष्यातलं पहिलं मत म्हणून मी त्या दिवशी चक्क इस्त्री केली होती.

आता मुद्द्याचं. आईनं कळवलंय की ७ मार्चच्या ग्रामसभेत कलम नऊ आपली शाळा चालू ठेवायची की नाही याचं आहे. सोळा वर्षं ती तिथं शिकवतेय. मला तिनंच अक्षरं शिकवली, आणि तीन वाजेपर्यंत तिला आई म्हणायची बंदी होती. शाळा बंद झाली तर मुलं बसनं नऊ मैलांवर जातील. तिथं शिक्षकाची जागा रिकामी नाही. आई हे लिहीत नाही, पण तिचं अक्षर बारीक व्हायला लागलंय. म्हणून मी सभेआधीच्या सोमवारच्या बसनं येते. माझा हात मोजायला ठेवा. आणि तू कुणाच्या बाजूनं आहेस, तेही कळव.

तुझी लाडकी (हे मीच ठरवलंय),
थिया

*

पेल्टन हिल, व्हरमाँट,
१९ फेब्रुवारी १९७८

चि. थियास अनेक आशीर्वाद.

निवडीची किंमत शिकायला तुझी आई फी भरते होय? माझ्या आईनं मला ते एका कोंबडीवर शिकवलं. अंडी हवीत की रस्सा, एवढंच विचारलं होतं.

बाळ, वाईट बातमी आधी सांगते. तुझं पत्र घेऊन मी गावच्या चिटणिसाकडे, एल्डनकडे गेले. नोव्हेंबरात ओहायोहून तू तिथं नाव घातल्याचं कार्ड आलं, तेव्हाच त्यानं तुझं नाव इथल्या यादीतून काढलंय. मी तिथली रहिवासी, अशी सही तू केलीस. मग इथली राहिली नाहीस. इथं पुन्हा नाव घालायचं तर मी याच गावची आहे म्हणून एल्डनसमोर हात वर करून शपथ घ्यावी लागेल, आणि मेपर्यंत तर तू तिथंच राहणार. एल्डन भला माणूस आहे. मी गळ घातली असती तर त्यानं डोळेझाक केलीही असती. पण सभाध्यक्ष मी, आणि नात माझी. मी गळ घातली नाही.

आलीस तर बाहेरच्यांच्या बाकावर बसता येईल. बोलायचं असेल तर सभेची परवानगी लागेल. ती देतील, तू आम्हाला इतकी काही नावडती नाहीस.

मी कुणाच्या बाजूनं, हे तुझ्या आजोबांनासुद्धा कधी कळलं नाही, आणि त्यांनी पुष्कळ खोदून पाहिलं. आपल्याकडे सभाध्यक्षानं मत द्यायचं नसतं. दोन्ही बाजू अगदी समसमान झाल्या तरच त्याला तो हक्क. एकोणीस वर्षांत तशी वेळ आलेली नाही, आणि येऊ नये अशी माझी इच्छा आहे.

थंडी फार आहे. लोकरी मोजे घाल, आणि आजीवर माया ठेव.

तुझी आजी,
वेल्मा

*

पेल्टन हिल,
८ मार्च १९७८

चि. थियास अनेक आशीर्वाद.

तू आली नाहीस ते एका परीनं बरं झालं. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच लिहिते.

सकाळ रस्त्यांच्या खडीत आणि नव्या ट्रकच्या वादात गेली. दुपारी घेवड्याची उसळ आणि ॲपल पाय खाऊन लोक जरा मऊ झाले, तेव्हा कलम नऊ घेतलं. एकानं उठून विचारलं की शिक्षिका तुमची मुलगी, मग तुम्ही खुर्ची सोडायला नको का. प्रश्न योग्यच होता. मी तो सभेपुढे ठेवला आणि सभेनं मला बसवून ठेवलं. सगळे धरून चालले होते की माझ्या मनात काय आहे ते त्यांना ठाऊक आहे.

हायरम डोड म्हणाला, शाळा गेली की गाव उरत नाही, नुसता रस्ता उरतो. त्यावर टाळ्या पडल्या. मग एक्क्याऐंशी वर्षांची ऑरा फिस्क उठली. गेल्या वर्षी कर भरायला तिनं मागचं कुरण विकलं. मुलं मलाही आवडतात, पण आता एकच कुरण उरलंय, एवढं बोलून ती बसली. तुझी आई लोइस बोलली, ती मुलांबद्दल. स्वतःबद्दल अवाक्षर नाही. मला तिचा अभिमान वाटला.

कलमात विचारलं होतं की पुढच्या वर्षी शाळा चालवायला गाव बत्तीस हजार डॉलर मंजूर करतं का. लोकांना उभं करून मोजलं. एल्डननं दोनदा मोजलं. एकसष्ट विरुद्ध एकसष्ट.

समसमान मतं म्हणजे कलम नामंजूर. मी नुसता हातोडा आपटला असता तरी शाळा बंदच झाली असती. मी उभी राहिले आणि म्हटलं, "सभाध्यक्ष आपलं मत देत आहेत. माझं मत शाळा चालू ठेवण्याच्या विरुद्ध आहे."

लोइसनं कोट उचलला, पण सभा रीतसर संपेपर्यंत ती उभीच राहिली. मग माझ्याकडे न बघता गेली.

तुझी आजी

*

ओहायो,
१४ मार्च १९७८

आजीस,

नमस्कार लिहावासा वाटत नाही, पण आईनं लावलेली सवय आहे, म्हणून न. वि. वि.

मी यादीत असते तर बासष्ट झाले असते. समसमान झालंच नसतं, तुला मत द्यायची पाळीच आली नसती, आणि शाळा राहिली असती. एका जादा गुणासाठी मी आईची शाळा घालवली. दोन रात्री झोप नाही.

ते माझं माझ्याजवळ. पण तुझं काय? तू गप्प बसली असतीस तरी निकाल तोच होता. मग पोटच्या पोरीविरुद्ध भरसभेत उभं राहायची एवढी काय हौस होती? प्रामाणिकपणा मिरवायला दुसरी जागा मिळाली नाही का? याचं उत्तर दे. ते आल्याशिवाय तुझ्या वड्याही मला नकोत.

थिया

*

पेल्टन हिल,
१९ मार्च १९७८

चि. थियास अनेक आशीर्वाद.

रागावलीस ते ठीक. राग शुद्धलेखनासह आला, हे आवडलं.

शाळेत आज अकरा मुलं आहेत, हिवाळ्यापूर्वी सात होतील. त्या सातांसाठी ऑराचं उरलेलं कुरणही जाणार. दोन वर्षं हा हिशेब माझ्या डोक्यात होता आणि दोन वर्षं मी लोइसच्या घरी दर रविवारी जेवत होते. मी तिला आधी सांगितलं नाही, कारण खुर्चीत बसणाऱ्यानं बोलायचं नसतं. नियम चांगला आहे, पण त्याच्याआड लपायलाही छान जागा आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

मी गप्प बसले असते तर शाळा कुणी बंद केली? लोक म्हणाले असते, नियमानं. तू म्हणाली असतीस, माझ्या सहीनं. आणि मी दर रविवारी लोइसच्या टेबलावर बसून हळहळले असते, मनात मात्र निकाल पटलेला. तेवढं माझ्यानं झालं नसतं.

तुझी चूक चूकच आहे, ती मी पुसत नाही. पण तुझं मत इथं नव्हतं. माझं होतं, आणि मी ते दिलं. तेव्हा माझं ओझं तू उचलू नकोस आणि रात्री झोप.

लोइस अजून बोलत नाही. मला फार चुकल्याचुकल्यासारखं होतं.

रागातही थोडा लोभ राहू दे.

तुझी आजी

*

पेल्टन हिल,
१० एप्रिल १९७८

चि. थियास अनेक आशीर्वाद.

तुझ्या या आईला तुझी तिन्ही पत्रं मिळाली. तिन्हींत तू माझी क्षमा मागितली आहेस. पुरे झालं. वर्गातल्या मुलानं एका चुकीसाठी तीनदा क्षमा मागितली तर मी त्याला खेळायला बाहेर पाठवते.

मी आईवर रागावले आहे आणि अजून काही दिवस रागावणार आहे. पण खरं सांगू? रागवायला माझ्यासमोर एक माणूस तरी उभं आहे. पलीकडच्या गावची गिरणी बंद झाली तेव्हा तिथल्या लोकांना तेही मिळालं नव्हतं, नुसता दारावर कागद लावला होता.

९ जूनला शाळेची किल्ली एल्डनला द्यायची आहे. नोकरीसाठी तीन ठिकाणी अर्ज केले आहेत, एका ठिकाणाहून बोलावणं आलंय. रोज चौदा मैल गाडी हाकावी लागेल. जमेल.

सुट्टीत आलीस की एल्डनकडे जाऊ. तुला या गावचं राहायचं असेल तर इथं नाव घाल, तिथलं राहायचं असेल तर तिथलं राहू दे, पण पूर्ण विचार करून ठरव. मला विचारशील तर इथं घाल. पुढच्या मार्चमध्ये पहिलं कलम सभाध्यक्षाच्या निवडीचं असेल आणि मी आईच्या विरुद्ध उभी राहणार आहे. तुझं मत मागत नाही. तुला पटेल तिला दे.

काल तिच्या घरी जाऊन हे तिला तोंडावर सांगितलं. महिन्याभरात आम्ही पहिल्यांदाच बोललो. तिनं ऐकून घेतलं, हात पुसले आणि म्हणाली, उभी राहा, पण आतापासून मोठ्यानं बोलायची सवय कर, कारण कलम नऊच्या वेळी मागच्या तीन रांगांना तुझं काहीच ऐकू आलं नाही.

तुझी आई,
लोइस