उतारावर बंद पडणारी गाडी

१७ जानेवारी
गॅरेज, दुपार

प्रिय वहिनी,

नमस्कार. फोनवर बोलायला गेलो की माझ्या तोंडून नुसती थट्टा निघते, म्हणून लिहितोय. अक्षराला हसू नका, हाताचं ग्रीस अजून निघालेलं नाही.

चिमणी कालही येऊन डोकं खाऊन गेली. "काका, बाबांची गाडी कधी देताय? सोमवारी नोकरी सुरू होतेय माझी!" पोरगी अगदी बापासारखी हट्टी आहे. तुमचाही निरोप आलाच, की भावजी आळशी झालेत. अहो, आळशी कसला! दोन वर्षं ताडपत्रीखाली पडलेली मोटारसायकल ती. सुरू केली तर निळा धूर, म्हणजे रिंगा गेलेल्या, ऑइल जळतंय. प्लग काळाकुट्ट. सिलिंडर बोअर करून नवा पिस्टन टाकला, व्हॉल्व्ह घासून बसवले, कार्बोरेटर साफ केला. इंजिन असं चालायला लागलं की दादाने पाठ थोपटली असती.

फक्त तुमच्या घराकडच्या उतारावर बंद पडायची.

आधी वाटलं, उतारावर पेट्रोल टाकीत पुढे जात असेल, नळीला मिळत नसेल. टाकी काठोकाठ भरली. तेच. कॉइल बदलली, वायरिंग नवं केलं. पुन्हा तेच. आसपासचे बाकीचे उतार पालथे घातले, तिथे जरा म्हणून कुरकुर नाही. आता दादा पेट्रोल वाचवायला तिथेच इंजिन बंद करून गाडी घरंगळत आणायचा आणि खालच्या वळणावर चालू करायचा, हे तुम्हाला मी काय सांगणार! त्या आवाजावर तर तुम्ही चहा टाकायचात. शेवटच्या दिवशीही त्याने तेच केलं. ट्रकवाला म्हणाला होता, मला आवाजच आला नाही.

बरं, आता उगाच पाल्हाळ लावत नाही. त्या वळणावर गाडी आपोआप चालू व्हायची. किक न मारता. परवा मी मुद्दाम किल्ली काढून खिशात टाकली आणि गिअर काढून गाडी उतारावर सोडली. वळणावर मागचे शॉकअप दबले, मागे कोणी बसलं की दबतात तसे. आणि इंजिन धडधडायला लागलं. वहिनी, मागे वळून बघायची माझी छातीच झाली नाही.

तशीच तुमच्या दारात आणली. हॉर्न द्यायच्या आधीच तुम्ही दार उघडून उभ्या. टेबलावर दोन कप. तुम्ही तर चहाला शिवत नाही. मी जवळचा कप तोंडाला लावला तर बिनसाखरेचा, दादा घ्यायचा तसा, आणि तुम्ही तो माझ्या हातातून काढून घेतलात. "तो नाही," एवढंच म्हणालात. मग आपण दोघं चिमणीच्या नोकरीबद्दल बोलत बसलो. निघताना मी पाहिलं, तो कप रिकामा होता.

मला तुमचा राग नाही आला. हेवा वाटला, खरं सांगतो. पण सोमवारी त्या उतारावर चिमणी असती. इंजिन बंद, पुढे ते वळण, आणि आवाज नाही. तो मागे बसलाय म्हणजे तिला काही होणार नाही, असं तुम्हाला वाटत असेल. त्याला स्वतःला तरी कुठे वाचवता आलं?

तुम्हाला आधी विचारायला हवं होतं. विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता, आणि मी तुमचं ऐकलं असतं. म्हणून आज सकाळीच इंजिन उघडलं. सगळं सुटं करून भंगारवाल्याच्या टेम्पोत टाकलं. दादाला पुन्हा एकदा पोचवून आल्यासारखं वाटलं. तिथेच पायरीवर बसून रडलो.

चिमणीला सांगा, जुन्या गाडीचे पार्ट मिळत नाहीत. तिच्यासाठी दुसरी बघतो.

उद्या संध्याकाळी येतो, चालत. आवाज येणार नाही, कान लावून बसू नका. कप एकच ठेवा, साखर घालून.

एकटाच येणारा,
तुमचा धाकटा दीर