अप्पांनी बसवलेला कूलर

दि. ३ जून

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

इकडे सर्व खुशाल. खुशाल नाही ती फक्त माझी झोप, कारण आपले तीर्थरूप उजाडायच्या आत अंगणातल्या शेडमध्ये जाऊन ठोकाठोक सुरू करतात. तुझी वहिनी म्हणते, एवढं वय झालं, आता माणसानं स्वस्थ बसावं. मीही तेच म्हणतो. चहाचा कप हातात घेतला तर अर्धा चहा बशीत सांडतो, आणि हा गृहस्थ लोकांच्या गाड्यांची इंजिनं उघडतो! शेड मोकळी झाली तर तिथं दोन खोल्या निघतील, हेही मी लपवत नाही. पण विषय काढला की अप्पा रेडिओचा आवाज वाढवतात.

माझं ते ऐकायचे नाहीत. मी आपला ऑफिसात फायली सरकवणारा. तू मात्र त्यांचा सोन्या, त्यांच्याच हाताखाली तयार झालेला, स्वतःचं गॅरेज थाटलेला. गाडीला टर्बो बसवल्यापासून इंजिनाचं तेल तापतंय, ऑइल कूलर बसवायचाय, असं तू मागच्या पत्रात लिहिलं होतंस. तो तू बसवू नकोस. अप्पांना बसवू दे. काही ना काही चुकणारच. तेल गळालं की चार लोकांदेखत प्रेमानं म्हण की अप्पा, आता पुरे. तुझ्या तोंडून ते आलं की शेडला कुलूप लागलंच म्हणून समज.

वहिनी विचारत होती, लग्नाचं काय झालं. मी सांगितलं, त्याचं गाडीशी लागलंय.

आशीर्वाद आहेतच, त्याबरोबर एवढं काम कर.
तुझा,
दादा


दि. ९ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी राग आला, मग हसू आलं, आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर वाटलं, तू बोलतोस त्यात तथ्य आहे. मागच्या खेपेला अप्पा इथं आले होते ना, तेव्हा माझ्याच गॅरेजात, माझ्याच गिऱ्हाइकांसमोर त्यांनी माझं काम उकललं आणि पुन्हा केलं. वर म्हणाले, घाई करतो पोरगा. अजून गिऱ्हाइकं मला विचारतात, वडील परत कधी येणार. असा संताप होतो म्हणून सांगू!

गाडीचं खरंच अवघड झालंय. घाट चढायला लागलं की तेल तापून पाण्यासारखं पातळ होतं आणि प्रेशरचा काटा खाली बसतो. असंच चालू राहिलं तर इंजिन जाम होईल. पाण्याला जसा रेडिएटर, तसा तेलाला हा कूलर. वाऱ्यावर धरायचा आणि तेल त्यातून फिरवून गार करायचं. दुकानातला सर्वांत मोठा उचललाय. शनिवारी पोचतो. तू तेव्हा सासुरवाडीला असशील ते बरंच, तुला हसू आवरत नाही.

वहिनीला म्हणावं, गाडी निदान टोमणे मारत नाही.

राग नसावा, असला तरी कळू देऊ नये.
तुझा,
धाकटा


दि. १७ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझा बेत पार फसला.

मी नेलेला कूलर अप्पांनी हातात घेतला, उलटसुलट केला आणि मला विचारलं की हा गाडीला लावायचाय की ट्रकला. मोठा कूलर लावला की तेल नको इतकं गार राहतं, घट्ट राहतं आणि इंजिन झिजतं, हे मी तुला सांगायला हवं होतं का, असंही वर. मग स्वतः माझ्याबरोबर दुकानात आले आणि त्याच्या जेमतेम निम्म्या आकाराचा बदलून घेतला. फिल्टरखाली बसते ती प्लेट थर्मोस्टॅटवालीच हवी म्हणून हटून बसले, म्हणजे तेल तापल्यावरच कूलरकडे वळेल. मी तो रेडिएटरच्या पुढ्यात टांगणार होतो. त्यावर म्हणाले, तेलाला वारा देऊन पाण्याचा तोडतोस होय रे? बंपरच्या खालच्या कोपऱ्यात जागा शोधली, रबरावर बसवला, पाइप सायलेन्सरपासून लांबून नेले.

आणि दादा, त्यांचा हात! कप धरताना कापतो तो हात पाना धरला की कापत नाही. मी मुद्दाम बघत होतो. एक थेंब गळलेलं नाही. परत येताना घाट चढलो, काटा जागचा हलला नाही. गाडी अशी कधीच पळाली नव्हती.

थोडी चालव आणि परत घेऊन ये, पाइपांचे नट एकदा तपासतो, असं अप्पांनी बजावलंय. पुढच्या रविवारी यायचंय. आता काय करायचं ते तूच सांग.

लोभ ठेव, उपाय कळव.
तुझा,
धाकटा


दि. २० जून

चि. धाकट्यास,
अ. आ.

तू गॅरेजवाला ना रे? मग फायली सरकवणाऱ्याला काय विचारतोस? गळत नसेल तर गळव. अंगणात शिरायच्या आधी कोपऱ्यावर गाडी थांबव आणि एक नट ढिला कर. रविवारी अप्पांचे ते टॅक्सीवाले दोस्त गप्पा छाटायला येतातच. त्यांच्यासमोर इंजिन चालू ठेव. बाकीचं तेलच बोलेल.

आता हे पाप वगैरे मला लिहू नकोस. म्हाताऱ्याचं भलंच करतोय आपण. जमणार नसेल तर तसं सांग, म्हणजे मी आयुष्यभर पहाटे ठोकाठोक ऐकेन आणि तू आयुष्यभर गिऱ्हाइकांकडून वडिलांची चौकशी ऐक.

सुबुद्धी होवो.
तुझा,
दादा


दि. २९ जून

चि. धाकट्यास,
अ. आ.

वा रे पठ्ठ्या! नाटकात गेला असतास तर नाव काढलं असतंस. तेलाचा ओघळ टॅक्सीवाल्यांच्या चपलांपर्यंत आला तेव्हा तू धावत जाऊन इंजिन बंद केलंस, कपाळाला हात लावलास, आणि मग अप्पांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालास की अप्पा, आता पुरे. मला स्वतःला क्षणभर खरं वाटलं. एका टॅक्सीवाल्यानं तर मान खाली घातली आणि दुसरा मुकाट्यानं आपली गाडी सुरू करून निघून गेला. त्याचं काम शेडमध्ये पडलं होतं, ते त्यानं परवा येऊन उचलून नेलं.

अप्पा गाडीखाली सरपटत गेले, चिंधीनं पुसलं, नट आवळला, बाहेर आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले की माझी चूक, हात गेला माझा. तू गेल्यावर त्यांनी शेड झाडली, पाने तेल लावून पेटीत ठेवले आणि किल्ली आपण होऊन माझ्या हातात दिली. तेव्हापासून खिडकीशी बसून आहेत. रेडिओसुद्धा लावत नाहीत. काल वहिनीनं गॅस बंद करायला सांगितला तर म्हणाले, तूच कर, माझा भरवसा नाही. वहिनीला जरा कसंसंच झालं. मला नाही झालं. गवंडी सोमवारी येतोय.

तू दोन ओळी लिही त्यांना. गोड लिही. तुझं पत्र आलं म्हणजे मनातून निघून जाईल.

शाब्बास.
तुझा,
दादा


दि. ४ जुलै

तीर्थरूप अप्पांस,
साष्टांग नमस्कार वि. वि.

दादाचं पत्र आलं. तुम्ही फार मनाला लावून घेतलंय असं कळलं. अप्पा, वाईट वाटून घेऊ नका. चूक कुणाच्याही हातून होते, आणि तुमचं तर वय झालं. गाडीचं काही बिघडलेलं नाही. मी तुम्हाला माफ केलंय, किंबहुना राग आलाच नव्हता. इतकी वर्षं तुम्ही राबलात, आता आम्हा मुलांचं ऐका आणि आराम करा.

कंटाळा आला तर हे घर तुमचंच आहे. केव्हाही या, हवे तितके दिवस राहा.

तब्येतीला जपावं, कृपा असू द्यावी.
तुमचा,
सोन्या


दि. ९ जुलै

चि. सोन्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. तू मला माफ केलंस हे वाचलं. दोनदा वाचलं.

नट आवळला की त्याच्यावर आणि पाइपवर मिळून एक पिवळी रेघ ओढायची माझी सवय तुला ठाऊक आहे. नट जरा फिरला तरी रेघ तुटते. लहानपणी तू तिला अप्पांची सही म्हणून चिडवायचास. त्या रविवारी गाडीखाली गेलो तेव्हा बाकी सगळ्या रेघा जागेवर होत्या, एक तुटली होती. नुसत्या हादऱ्यानं सैल झाला असता तर नटाच्या कोपऱ्यांवर पान्याचे ताजे ओरखडे नसते उठले. टॅक्सीवाले वाकून बघायला लागले होते. त्यांतल्या दोघांना माझी रेघ माहीत आहे. म्हणून मी आधी चिंधीनं रंग पुसून टाकला आणि मग बाहेर येऊन माझा हात गेला म्हणालो. तुझं नाव चार लोकांत जाऊ नये एवढंच तेव्हा सुचलं. बाप आहे मी.

आणखी एक. नट सोडवताना एक पाना कूलरच्या मानेवर, पाइप जोडतो तिथं, धरायचा आणि दुसरा फिरवायचा, हे तुला शिकवलं होतं. तू एकाच पान्यानं हिसका दिलास. त्यात मान मुरगळली आहे. आज गळत नसली तरी घाटात तुटेल. नवा कूलर घे आणि दुसऱ्या कुणाकडून तरी बसवून घे. तुला नुकसानसुद्धा धड करता येत नाही रे.

दादाला यातलं काही कळवू नकोस. तो आनंदात आहे. भिंत पाडायला गवंडी आलाय. बेत त्याचा असणार हे मला कळतं, पण पाना त्याच्या हातात नव्हता.

तू बोलावलंस म्हणून मी येतोय. रविवारच्या गाडीनं निघतो, राहायलाच येतो. माझी पेटी आणणार नाही. तुझ्या गॅरेजात दाराशी एक स्टूल ठेव. सकाळी तू शटर उघडलंस की मी तिथं बसेन, तू शटर ओढेपर्यंत. तुझ्या कामात बोट घालणार नाही, गिऱ्हाइकांशी एक शब्द बोलणार नाही. तू प्रत्येक नट आवळताना फक्त बघेन.

माझी माफी मागू नकोस. मागितलीस तर बाप म्हणून मला ती द्यावी लागेल, आणि मला द्यायची नाही.

स्टेशनावर वेळेवर ये.
तुझे,
अप्पा