हॉलिवूडच्या पारूबाईस

प्रिय पारूबाई,

तू गेल्याचं काल कळलं. माझ्या नातीनं, प्रणालीनं, मोबाईलवर तुझा फोटो दाखवला आन् म्हणाली, "आज्जे, ही हॉलिवूडची जुनी हिरॉईन वारली." मी चष्मा लावला आन् वरडलेच, "अगं, ही तर आमची पारू!" लिहायला बसले ती रडायला न्हाई. प्रणालीचं उद्या काय ते ठरायचंय, आन् तुझ्यापाशी बोलल्याबिगर मला जमायचं न्हाई.

हे नाव तुला आमी ठेवलं. पाचगणीच्या शाळेत मी आया हुते. शनिवारी हॉलमध्ये इंग्रजी सिनेमा लागायचा. पोरी खुर्च्यांवर, आमी आया मागं जमिनीवर. तुझं नाव जिभेला वळंना, मग पारू. बोलणं कळायचं न्हाई, पर तू भांडायला लागलीस की सगळं कळायचं!

एकदा पडद्यावर तू खोकून खोकून मेलीस. मयत बघितल्यावर अंघोळ करायची आपल्यात रीत. मी खोलीवर जाऊन डोक्यावरनं गार पाणी घेतलं, ते बी पाचगणीच्या थंडीत! पुढच्या शनिवारी बघते तर तू पिसांची टोपी घालून नाचतीयास! लय शिव्या दिल्या तुला.

काल प्रणालीनं तुझी सगळी हकीकत वाचून मराठीत सांगितली. सिनेमाच्या कंपनीनं तुझं नाव बदललं, भुवया उपटल्या, वाकडे म्हणून चांगले धड दात काढले. पोटभर जेवू बी देत नव्हते. अगं, तोंड तुझं आन् मालक ते? तुझी आई म्हणं शेजारी बसून व्हय व्हय करत मान हलवत हुती. त्या बाईला काय म्हणावं!

पुढं तू कंपनीवर कोर्टात गेलीस, ते मला आवडलं. हरलीस, तरी पुढचा सिनेमा आपल्या मनाचाच केलास. नवरे मात्र तीन केलेस, आन् तिन्ही फुकट! केस पिकल्यावर तर ज्या हिरोबरोबर नाचलीस, त्याचीच आई केली तुला. ते बी केलंस. का गं? काम सोडवत नव्हतं, व्हय ना?

प्रणालीचं तसंच हाय. वाईला मालिकेचं शूटिंग चालतं, तिथं तिला काम मिळतंय. पर तिचा एक दात दुसऱ्यावर चढलाय, तो काढ म्हणतात. ती लगेच तयार! माझा लेक, तिचा बाप, फौजेतनं रिटायर झालेला. तो म्हणतो, "दात बी काढायचा न्हाई, काम बी करायचं न्हाई. आपल्यात कुणी तोंडाला रंग लावलाय का?"

"न्हाई लावला, म्हणून तर हिला लावू दे."

"आई, तुला काय कळतं त्यातलं?"

"तुला फौजेत धाडला तवा मला बंदुकीतलं काय कळत हुतं रं?"

तो उठून बाहेर गेला. मग मी पोरीकडं वळले. "तू काम कर. दात ऱ्हाऊ दे."

"आज्जे, मग दुसरीला घेतील."

"घेऊ दे की! पर आधी माझ्या तोंडावर सांगू दे."

तर पारू, तुला शब्द देते. उद्या मी तिच्यासंगं वाईला निघाले. काम मिळालं तर शूटिंग असंल तवा सेटवर बसून ऱ्हाणार, आन् मान हलवायला न्हाई. पोरीच्या तोंडाला हात लावायचा असंल त्यानं पहिलं माझ्याशी बोलावं. माझ्या तोंडात एक बी दात उरला न्हाई, पर जीभ हाय अजून.

तुझी,
हिराबाई, सातारा