मोबाईलमध्ये अजून उघडं असलेलं दुकान

अहो,

पत्राच्या सुरुवातीला नाव घालायचं असतं, शाळेत तसंच शिकवलं होतं. पण जन्मात तुमचं नाव घेतलं नाही, आता कागदावर कशाला घेऊ? तुम्हालाच लिहितेय, हे तुम्हाला कळेलच.

वर्षश्राद्ध झालं तेव्हाही लिहिलं नव्हतं. आज लिहितेय, कारण डोक्यात नुसता गोंधळ झालाय आणि विचारायचं कुणाला? तुम्ही गेल्यापासून आपलं पंप दुरुस्तीचं दुकान बंद आहे. पण मोबाईलच्या नकाशात ते अजून उघडं आहे! हिरव्या अक्षरात लिहिलंय तसं. आपली मीरा मोबाईल घेऊन माझ्यामागे लागलीय, "आई, 'कायमचे बंद' असं टाकू का?" मला हो म्हणवत नाही आणि नाही म्हणायलाही जीभ उचलत नाही.

सकाळी रोजच्यासारखं शटर अर्धं वर करून तुमच्या गणपतीपुढे उदबत्ती लावत होते. बाहेर गाडी थांबली. भोकरदनकडचं जोडपं, बायकोच्या मांडीवर फवारणीचा पंप. आणि त्या माणसाच्या खिशातून मोबाईलमधली बाई बोलली, पोहोचलात म्हणून. दुकान तुमच्याच नावाचं, म्हणून तुमचं नाव घेऊन बोलली हो! इतक्या वर्षांच्या संसारात मी जे घेतलं नाही, ते तिनं भर गल्लीत घेतलं. हसावं की रडावं?

"काकू, काका कुठंयत? कपाशीवर मावा पडलाय आन् ह्यो पंप दाबच धरून न्हाई राह्यला."

मी सांगितलं. त्यानं मोबाईल माझ्यापुढे धरला, जणू मीच काही लपवतेय. "पन हे तर उघडं दाखवून राह्यलं!"

"मी म्हनलं होतं, आधी फोन लावा," बायको मागून म्हणाली. "तर म्हने नकाशा बराबर असतो. घ्या आता, शटरला हार घाला!" बोलून गेली आणि तिनं स्वतःच जीभ चावली. बिचारी! माझ्याकडे बघवेना तिला.

सांगा, हे पाप कुणाच्या माथी? तो ओझ्याचा पंप मांडीवर घेऊन ती एवढ्या खड्ड्यांतून आली. उघडं आहे असं मी तर म्हटलं नव्हतं. पण बंद आहे असंही म्हटलं नाही ना!

तुम्ही या मोबाईलवर हसायचात. मीरानं दुकान त्यात घातलं तेव्हा म्हणाला होतात, "जालन्यात माझं दुकान दाखवायला ही बाई कशाला?" आणि बिलबुकाच्या पाठीमागे स्वतः काढलेला नकाशा छापून आणलात. चौक, पाण्याची टाकी, पिंपळ, मग एक मोठी फुली. फुली म्हणजे आपण. पिंपळ तेवढा भलत्याच हाताला!

मी म्हटलं होतं, अहो, मॅट्रिकला मला भूगोलात चांगले मार्क होते, असा नकाशा चालत नाही. बिलं परत द्या छापून घ्यायला. तर तुम्ही काय म्हणालात? "चुकू दे की. चुकला म्हंजे मानूस इच्यारीन. इच्यारलं म्हंजे चार लोकाला दुकान म्हाईत व्हईन." छापलेलं वाया जाऊ नये म्हणून मीही गप्प बसले.

आता ती टाकीही पाडली. मग खरा नकाशा कोणता हो? मोबाईल माणसाला अगदी शटरला टेकवून उभा करतो, एक बोळ चुकत नाही, पण आत माणूस नाही हे त्याला ठाऊक नाही. तुमच्या कागदात टाकी खोटी, पिंपळ खोटा. पण कागद कधी "या, उघडं आहे" असं म्हणाला नाही. मला काहीच ठरवता येत नाही.

एक राग आहे, सांगूनच टाकते. निदान पंपातलं वायसर बदलायला तरी शिकवायचं होतंत! विचारलं की म्हणायचात, "तुला काय करायचं, तू हिशेब बघ." आज त्या बाईला रिकाम्या हातानं परत पाठवताना किती वाईट वाटलं!

रिकाम्या हातानं पाठवलं नाही म्हणा. कोरी बिलं उरलीत, ती माझ्यानं टाकवत नाहीत. एक फाडलं, उलटं केलं. तुमचा नकाशा फुलीपाशी संपत होता. खाली जागा होती. त्या फुलीपासूनच मी पुढं रेघ ओढली, नदीपलीकडे नव्या जालन्यात दुसरे मिस्त्री बसतात तिथपर्यंत. डावं-उजवं बरोबर काढलं का, हा घोर दुपारपर्यंत होता.

दुपारी तुमचा फोन वाजला. होय, तो मी चालू ठेवलाय. मीरा म्हणते फुकटचा खर्च. वहीत मी तो देवधर्मात मांडते, मग कोण बोलणार?

"काकू, पोचलो बरं का. पंप झाला. पन तुमी नदीवरचा पूल दाखवलाच न्हाई! इच्यारत इच्यारत आलो."

मागून त्याची बायको, "काकूला सांगा, चहा बी पाजला लोकायनं!"

ऐकलंत ना?

मला त्या 'कायमचे बंद'चीच भीती वाटत होती. आपल्यात दिवा विझवला म्हणत नाहीत, बांगडी फुटली म्हणत नाहीत. वाढवला, वाढवली म्हणतात. संध्याकाळी शटर ओढताना तुम्हीसुद्धा कधी बंद म्हणाला नाहीत. "दुकान वाढवलं गं," असा आवाज द्यायचात आणि मी चहा टाकायचे. हा शब्द त्या मोबाईलमध्ये कुठं असणार?

तर शब्द देते. उद्या उदबत्ती झाली की ते बटण मीच दाबीन, मीराला दाबू देणार नाही. मोबाईल काय लिहायचं ते लिहो, मी तोंडानं "दुकान वाढवलं" असंच म्हणेन, तुम्हाला ऐकू जाईल असं. आणि उरलेली बिलं शटरपाशी तारेला अडकवून ठेवीन. प्रत्येकावर तुमच्या फुलीपासून पुढं रेघ ओढीन.

पूल तेवढा दाखवू की राहू देऊ? ते मात्र अजून ठरत नाही.

तुमचीच,
मीराची आई