वळणावरचा लाल दिवा

९ एप्रिल १९७४
आज पुन्हा लागला! पसरणीच्या घाटात, त्याच उभ्या वळणावर — जिथं यांनी गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि स्टिअरिंगवर मान टाकली. सवाऱ्या सुखरूप राहिल्या. हे तेवढे गेले.

आता टॅक्सी धाकटे दीर बाळासो चालवतात. स्टिअरिंगपुढच्या काट्यांच्या शेजारी बोटाच्या पेराएवढा लाल दिवा, एरवी विझलेला. ते वळण आलं की लुकलुकतो. भावजी इंजिन बंद करतात, उतरून नारळ फोडतात. परत गाडी सुरू झाली की दिवा जातो. दादाला नारळ पोचला, म्हणतात. सवाऱ्याही हात जोडतात, खोबरं खातात.

मी पुढच्या सीटवर होते. पदराआड हळूच म्हटलं — आले हो मी.

१० एप्रिल
दिवसभर तोच डोळ्यासमोर. भाकरी करपली.

१२ एप्रिल
काल म्हणे खालच्या वळणावरही लागला. "दादा सामोरा येतुया," भावजी म्हणाले. अंगावर काटा आला. बरंही वाटलं.

१३ एप्रिल
वाचनालयातून मोटारीचं पुस्तक आणलं. "काय बाई, टॅक्सी चालवायला घेताय की काय?" म्हणून ग्रंथपाल हसले. शाळा माझी दुसरीपर्यंत, पण आकृती कळते. पेट्रोलचा काटा टाकीतल्या तरंगत्या गोळ्यावर हलतो. आणि लाल दिवा तेलाचा! इंजिनात तेलाचा दाब असेतोवर त्याची वीज तुटलेली असते. दाब पडला की जोडली जाते. तेल कमी असेल तर चढाच्या वळणावर ते एका अंगाला पळतं, पंपाला मिळत नाही. गाडी जरा थांबली की परत खाली जमतं.

जरा थांबली की. म्हणजे नारळ फोडेपर्यंत.

कशाला वाचलं मी!

१४ एप्रिल
बॉनेट उघडून तेल मोजायची पट्टी ओढली. हे होते तेव्हा रोज सकाळी ती बघायचे. टोकाला जेमतेम काळं लागलं. असंच चालवलं तर इंजिन जाम होतं, चाकं धरतात — घाटात! परवा माझी लेक लीला तान्ह्याला घेऊन सासरी पाचगणीला निघणार. याच गाडीनं.

सांगितलं तर दिवा लागायचा थांबेल. मग मी कुणाशी बोलू?

१५ एप्रिल
सांगितलं. भावजी आधी हसले, मग बिथरले. "वहिनी, पुस्तक वाचून दादाला हाकलताय व्हय?" सासूबाई भिंतीकडं तोंड करून बसल्या. मी पट्टी आणून भावजींच्या हातात दिली. त्यांनी टोक बोटानं पुसून बघितलं. मग तेलाचा डबा आणायला गेले.

१६ एप्रिल
लीलाला पोचवून आलो. वळणावर दिवा लागला नाही. भावजींनी गाडी हळू केली, माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, चला.

पहिल्यांदाच यांना तिथं ठेवून पुढं गेलो.