दुसरा डोस

प्रिय धाकट्या,

मघाशी फोनवर तू दुसऱ्या डोसाचं विचारलंस आणि मी विषय आईच्या गुडघ्यांवर नेला. तुला ते कळलं असणारच, तू काही दूधखुळा नाहीस.

पहिल्या डोसाला तू एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून बसला होतास. या औषधातलं विष एरंडाच्या बीतलंच, असं मी सांगितल्यावर म्हणालास, मग आईने लहानपणीच अर्धा उपचार उरकलाय. नर्स खो खो हसली. तेलात ते विष उतरत नाही, पण तुझी थट्टा मोडणं माझ्या जिवावर आलं.

पेशीत प्रथिनं घडवणारे लाखो बारीक कारखाने असतात. या विषाचा एक कण आत शिरला की तो एकामागून एक कारखाना बंद पाडत सुटतो. म्हणून प्रयोगशाळेत आम्ही त्याला मोकळं सोडत नाही. आजारी पेशी नेमकी ओळखणाऱ्या प्रतिपिंडाला, म्हणजे अँटीबॉडीला, ते बांधून पाठवतो. इतकी वर्षं मी हेच बांधाबांधीचं काम करतेय, आणि शेजारच्या काकू अजून माझ्या हातचा चहा घेत नाहीत!

मग तुझ्या मानेवरच्या गाठी उतरल्या. तू शर्टाचं वरचं बटण लावून दाखवलंस तेव्हा आई रडली. मीही रडले, बाथरूमचा नळ सोडून. मी फार हुरळून गेले होते रे.

दुसऱ्या डोसाआधी रक्त तपासतात. घरच्या माणसाच्या नमुन्याला हात लावायचा नाही, हा आमच्याकडचा नियम, म्हणून तुझं रक्त माझ्या सहकारिणीने तपासलं. आज दुपारी ती हातमोजे काढून माझ्या टेबलापाशी आली आणि तिने अहवाल माझ्यापुढे ठेवला. तुझ्या रक्ताने आमच्या औषधाविरुद्धच प्रतिपिंडं तयार केलीत, भरपूर. दुसरा डोस गाठींपर्यंत पोचणारच नाही, वर तुझ्या जिवाला धोका. तो द्यायचा नाही असं ठरलंय. ज्या शरीराला स्वतःच्या आजारी पेशी ओळखता आल्या नाहीत, त्याने माझं औषध तेवढं बरोब्बर ओळखलं. मला भयंकर राग येतोय आणि तो काढायला समोर कोणी नाही.

वाईट बातमी असली तर ती आईच्या आधी तुला, आणि माझ्याकडूनच कळेल, असं तू माझ्याकडून कबूल करून घेतलं होतंस. डॉक्टरांना विचारूनच आलेय. पण तुझ्या दाराशी पोचले आणि बेल वाजवायचा धीर झाला नाही, म्हणून जिन्यात बसून हे लिहिलं. आता दाराखालून आत सरकवते. आई बाहेर गेलीय, यायला वेळ आहे. सावकाश वाच. मग दार उघड. तिला काय सांगायचं ते मला एकटीला सुचत नाहीये.

तुझीच,
दाराबाहेर बसलेली ताई