पन्हाळ्याला दोनदा

कोल्हापूर,
बुधवार, वैशाख, सन १९८४

तीर्थरूप आबांना,

धाकटी झुंबर पायावर डोकं ठेवते. ठेवलंय, पण वाकवलेलं न्हाय, एवढं आधीच सांगते. तुमचा गुडघा कसा हाय? वहिनीचा खोकला गेला का? गेला नसंल तर अडुळसा द्या, ती नको म्हणंल, तरी द्या. राधानगरीला वळीव झाला म्हणतात, इथं नुसती आग हाय. आम्ही सगळी खुशाल. मैना म्हस पण खुशाल, जरा जास्तच खुशाल, तिचं पुढं लिहिते. अक्षर मोठं आलंय आणि ओळी घाट चढल्यागत वर गेल्यात, त्याचं कारण विचारू नका. तिसरीत शाळा सुटलेल्या बाईच्या ओळी जातील तिकडं जातील.

तुमचं कार्ड मिळालं. (पोस्टमननं आधी कोपऱ्यावरच्या पानवाल्याला वाचून दाखवलं, मग मला दिलं. पुढच्या बारीला शिव्या द्यायच्या असतील तर पाकिटात घालून द्या.) तुम्ही लिहिलंय, नातवंडं झालेल्या बाईनं लुगडं खोचून पोरांसंगं पळायचं म्हणजे माहेरचं नाक कापायचं, आणि तू शर्यतीत उतरलीस तर तुझ्या घराची पायरी मी चढणार न्हाय. बरं. नका चढू. तशी ती पायरी गेल्या पावसातच खचलीय, तुमच्या गुडघ्याला झेपली नसतीच. पण मी उतरणार. हे पत्र विचारायला लिहिलेलं न्हाय, कळवायला लिहिलंय.

ही भानगड उपटली कुठनं ते ऐका. आमच्या गल्लीच्या तालमीचे गणपतराव तुम्ही बघितलेत, शाळेत कवायतीचे मास्तर होते ते, निवृत्त झाले तरी गळ्यातली शिट्टी निघाली न्हाय, जेवताना पण असती. त्यांनी पेपरात वाचलं की लांब कुठल्या समुद्रातल्या बेटावर माणसं आधी पोहतात, मग सायकल हाणतात, मग पळतात, सगळं एका दमात. झालं. कोल्हापूर काय कमी हाय का, म्हणून ह्यांनी तिहेरी शर्यत काढली. रंकाळा एका काठानं दुसऱ्या काठाला पोहून जायचा, भिजल्या अंगानं सायकलीवर बसून पन्हाळा गाठायचा, परत खाली केर्लीपर्यंत यायचं, पुन्हा पन्हाळा चढायचा, आणि तिथनं पळत जोतिबा. मी विचारलं, पहिल्या खेपेला वर काय विसरतात काय, म्हणून दोनदा जायचं? तर म्हणाले, मावशी, ह्याला दमाची परीक्षा म्हणतात. आणि ही परीक्षा वैशाखात! गडावर वारं असं की उभ्या माणसाची टोपी खालच्या गावात सापडती, तवा.

आमचा दुधाचा कट्टा तालमीसमोरच हाय, तवा सकाळी ही सगळी शर्यतीची पोरं माझ्याच म्हशीखाली पेला धरून उभी. धार काढून दिली की तिथंच उभ्यानं प्यायची आणि बढाया मारायच्या. त्यातला पिराजी जरा जादाच. मुंबईहून बारक्या चाकांची, वाकड्या मुठीची सायकल आणलीय, तिच्यावर वाकून बसला की कायतरी हरवलेलं हुडकतोय असं वाटतं. एक दिवस म्हणाला, पन्हाळ्याच्या वाटेवर वाघबीळाच्या चढाला भल्याभल्यांची जीभ बाहेर येती. मी म्हटलं, दोन्ही अंगाला दुधाच्या घागरी लावून मी लग्नानंतर किती वर्षं त्या रस्त्यानं आले गेले, माझी जीभ जागेवर हाय, तुझीच तेवढी वळवळती. तर हसला आणि म्हणाला, "मावशी, तुम्ही म्हशीला पाणी पाजा, ही बाप्यांची कामं हायत."

आबा, खरं सांगते, तो तेवढं बोलला नसता तर मी आज घरात गप कांदं चिरत बसले असते.

गेले तशीच हातातली चरवी घेऊन गणपतरावांकडं. म्हटलं माझं नाव घाला. ते शिट्टीशी खेळत बसले. बायकांचं बसत न्हाय म्हणाले, वयाचं बघावं लागतंय म्हणाले, लुगड्याचं काय म्हणाले. मी म्हटलं, उद्यापासनं तालमीला माझ्या म्हशीचं दूध न्हाय. पैलवानांना डबड्यातली पावडर कालवून पाजा. गणपतराव पाणी प्यायले. मग म्हणाले, पोहता येतंय का ते आधी दाखवा. मग काय, दुसऱ्या दिवशी मैनेला धुवायला रंकाळ्यावर घेऊन गेले, तशीच तिच्यासंगं पाण्यात शिरले, काष्टा घट्ट, पदर कमरेला, आणि पलीकडच्या काठाला निघाले. गणपतरावांनी काठावरच वही उघडली. नाव घातलं. (आणि आबा, तुम्ही पोहण्याची लाज मला सांगता? भोगावतीच्या डोहात मला ढकललं कुणी? म्हशीसंगं डोह पार करायला शिकवलं कुणी? आणि मी मोठी झाले म्हणून आईनं एक दिवस काठावरनं हाक मारून बाहेर काढलं, तवा गप कोण बसलं? जाऊ दे.)

सायकल शाहूपुरीत बाबालाल मिस्त्रीकडं नेली. दुधाचीच सायकल, लोखंड लई. त्यांनी घागरींच्या कड्या काढल्या, स्टँड काढला, घंटी काढायला लागले तवा मी हात धरला. म्हटलं घंटी राहू दे, पिराजीला मागनं वाजवायला लागती. बाबालाल म्हणाले, "आक्का, घंटी नवी बसवून देतो, पार केर्लीपर्यंत ऐकू गेली पाहिजे." असा भाऊ असावा.

इकडं घरात वेगळीच गंमत. मी पहाटे सरावाला निघाले की धार कोण काढणार? मैना माझ्या हाताशिवाय पान्हा सोडत न्हाय. आमचे हे तीन दिवस नुसतेच रिकामी चरवी घेऊन बसले, तिनं मागं वळून बघितलं आणि लाथ घातली. चवथ्या दिवशी ह्यांनी माझं हिरवं लुगडं गुंडाळलं, पदर नाकापर्यंत ओढला आणि खाली बसले. दूध दिलं की! पण पदर घसरला आणि खालनं मिशा निघाल्या. कट्ट्यावर केरबा न्हावी उभा होता, तो म्हणतो, बाबासो, झुंबरवहिनी बऱ्या होत्या हो. हे तसेच लुगड्यात उठून त्याच्या अंगावर गेले. माणूस गरीब हाय आमचा, पण त्या दिवसापासनं माझ्या बाजूनं हाय. म्हणतो, एवढं सगळं झाल्यावर आता तू जिंकूनच ये.

आता खरी अडचण. तुम्हाला आठवत असंल, गेल्या दिवाळीच्या आधीपासनं ह्यांची कंबर धरली होती. पाडव्याला सगळे गवळी शिंगं रंगवून, मोरपिसं लावून आपापल्या म्हशी गाडीमागं पळवतात, आणि माझी एकटी मैना दावणीला बसणार? मला बघवलं न्हाय. महिनाभर तिला माझ्या सायकलीमागं पळायला शिकवलं. पाडव्याला घंटी वाजवत मी पुढं, मागं मैना, दावं न्हाय, काठी न्हाय. रस्त्याच्या दोन्ही अंगाला माणसं शिट्ट्या मारत होती. लई मिरवले. पण आबा, शिकवलेलं विसरायला कसं सांगायचं ते मला कुणी सांगितलं न्हाय. आता माझी सायकल दारातनं हलली, घंटी वाजली, की बाईसाहेब निघाल्याच. दावं बांधलं, तोडलं. खुंटा बदलला, तर खुंट्यासकट पंचगंगेच्या पुलावर मला गाठलं. गोठ्याचं दार लावलं, ते दार आता आम्ही उन्हाला आडवं टाकून वाळवण घालतो. ह्यांनी गळ्याला मिठी मारून धरलं, तर हिरव्या लुगड्यासकट ह्यांना रंकाळ्यापर्यंत ओढत आणलं.

गेल्या रविवारी गणपतरावांनी सगळ्यांची रंगीत तालीम घेतली, नुसती सायकलीची. ऊन असं की डांबर चाकाला चिकटत होतं. मी कमरेला कांदा खोचलेला, चरवीत ताक, पायात कापडी बूट (सुनेचे, बोटं दुमडून घातले). वडणग्याचा फाटा गेला आणि समोरनं वारं सुटलं. लुगड्यात वारं भरलं की माणूस पुढं जायचं सोडून वरच जातंय. मी वाकले, दात खाल्ले, पाय मारत राहिले. पिराजी पुढं होता, पण त्याची ती बारकी चाकं वाऱ्यात थरथरत होती. तेवढ्यात मागनं धापा ऐकू आल्या. वळून बघितलं न्हाय, धापा माझ्या ओळखीच्या होत्या. मैना माझ्या बाजूला आली, मला बघितलं, समाधान झालं, पण पळायची लहर अंगात भरलेली, पुढं निघाली आणि पिराजीला पण मागं टाकून गेली. जाता जाता त्याच्या तोंडावर शेपूट मारलं. तो सायकलीसकट शेतात. केर्लीच्या ओढ्यात मैना बसली ती बसलीच, डोकं तेवढं वर. थोड्या वेळानं पिराजी पण तिथंच येऊन बसला, दोघं शेजारी शेजारी, दोघांची जीभ बाहेर. मी घंटी वाजवत पुढं गेले. वाघबीळ चढले. उतरले न्हाय हां सायकलीवरनं, कुणी काय सांगितलं तरी. एकदा पाय टेकला, तो माशी हाकलायला.

गडावर पोचले तर गणपतराव स्कूटरवरनं आधीच येऊन उभे, तोंडात शिट्टी. म्हणाले, मावशी, दम हाय तुमच्यात, पण शर्यतीच्या दिवशी तुमच्या मागं न्हायतर पुढं ती म्हस रस्त्यावर किंवा पाण्यात दिसली, तर तिथंच तुम्हाला बाहेर काढणार. मी म्हटलं, म्हस माझ्या मागं येती, मी म्हशीच्या मागं जात न्हाय! म्हणाले, पिराजीला विचारा. आता ह्या पोरांच्या समोर मला कट्ट्यावर बसून पुन्हा पेले भरायचेत, आबा. वाघबीळ चढून आलेली बाई म्हशीपायी घरी बसली, हे मला जन्मभर ऐकवतील. मी ऐकून घेणार न्हाय. तुमचंही न्हाय, त्यांचंही न्हाय.

तवा नाक कापलं जाईल म्हणून तुम्ही तिकडं नाक धरून बसा. मी येत्या रविवारी सकाळी उतरणार. वहिनीला नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुम्ही म्हणा न म्हणा, तुमचीच बहीण,
झुंबर

ता. क. तुम्ही शपथ माझ्या पायरीची घेतलीय. रंकाळ्याची न्हाय. कार्ड पुन्हा वाचून बघितलं. तवा रविवारी सकाळी पहिल्या एस्टीनं या आणि घरात न चढता दारातनंच मैनेला घेऊन जा. तिला तुम्ही हातावर दूध पाजून वाढवलंय, तुम्ही मानेवर हात ठेवला की ती हलत न्हाय, हे मी डोळ्यांनी बघितलंय. दुसरं कुणी तिला धरू शकत असतं तर तुम्हाला लिहिलं नसतं.

पुन्हा ता. क. तिला घेऊन कुठं पण उभं राहू नका. आम्ही पाण्यातनं जिथं बाहेर निघणार त्या पलीकडच्या काठाला, अगदी कडंला उभं राहा. गणपतरावांनी म्हस रस्त्यावर आणि पाण्यात नको म्हटलंय, काठावर बांधलेल्या म्हशीचं काय बोलले न्हायत. कारण असं की मला आता लांबचं दिसत न्हाय. (जवळचं पण बेताचंच, अक्षर बघितलंच असंल.) त्या दिवशी गणपतरावांसमोर रंकाळा पार केला, तो मैनेच्या शिंगांकडं बघत. परवा तिला घरी ठेवून एकटी उतरले. मन लावून पोहले, लई वेळ पोहले, काठाला लागले, धुणं धुणाऱ्या बाईला विचारलं, बाई, हाच ना पलीकडचा घाट?  समोर बघते तर माझीच पायताणं.

हे ह्यांना सांगितलेलं न्हाय. चष्म्याचं तर अजिबात काढू नका.

शेवटचं. आबा, मैना पण लांबनं मला धड दिसायची न्हाय. तू हाक मार. डोहाच्या पलीकडनं मारायचास तशी, लांब ओढून. नाव मैनेचंच घे, माझं घेतलंस तर गणपतराव शिट्टी मारतील. ती तुझ्या हाताखाली उभीच असंल, तिला काय हाक मारायची गरज, असं कुणी विचारलं तर म्हण, माझी म्हस, मी मारीन. मला कळतंय कुणाला मारतोस ते.

न्हाय आलास तरी मी उतरणारच. फक्त कुठल्या काठाला निघीन, ते सांगता यायचं न्हाय.